ओक ॲलीचा माळी आणि पेकानचे कलम

न्यू ऑर्लीन्सहून मिसिसिपीच्या काठाकाठाने वर निघाले की तासाभरात व्हॅशरी हे गाव लागते आणि उसाच्या फडांमधून ओक ॲली या जुन्या मळ्यातली २८ ओक वृक्षांची दुहेरी रांग दिसू लागते. बहुतेक प्रवासी ती रांग आणि तिच्या टोकाचा भव्य खांबांचा वाडा पाहायला येतात. मी गेलो होतो तो आंत्वान या माळ्यासाठी, कारण पेकानच्या बागायतीचा पाया त्याने इथे घातला.

पेकान हे अक्रोडाच्या कुळातले, उत्तर अमेरिकेच्या नदीकाठी आपोआप वाढणारे झाड. १५३०च्या दशकात टेक्सासमध्ये अडकून पडलेल्या काबेसा दे वाका या स्पॅनिश प्रवाशाने लिहून ठेवले आहे की तिथले मूळ रहिवासी वर्षातले दोन महिने याच फळांवर काढत आणि झाड एक वर्षाआड धरते. रानटी झाडांची अडचण वेगळीच होती. हापूसची कोय लावून जसा हापूस मिळत नाही, तसेच उत्तम पेकानचे बी लावले तरी उगवणारे झाड कसे निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून कलमाला पर्याय नाही.

नदीपलीकडच्या ॲनिटा मळ्यात पातळ कवचाची, मोठ्या गराची फळे देणारे एक झाड होते. डॉ. कोलोम यांनी त्याची कलमे बांधून पाहिली, पण ती जगली नाहीत. मग त्यांनी काड्या ओक ॲलीला आणून दिल्या. १८४६-४७च्या हिवाळ्यात आंत्वानने १६ झाडांवर त्या यशस्वीपणे बांधल्या. तो गुलाम होता. मालकाच्या मृत्यूनंतर १८४८मध्ये झालेल्या मालमत्तेच्या मोजदादीत पेकानची कलमे बांधण्यात निष्णात म्हणून त्याची नोंद आहे आणि त्या नोंदीसमोर त्याची किंमत १,००० डॉलर लिहिलेली आहे. ज्या कौशल्याने एक संपूर्ण बागायत उभी राहिली, तेच कौशल्य त्याची विक्रीची किंमत वाढवण्यासाठी नोंदले गेले, हे मला फार अस्वस्थ करते. मळ्यात गुलामांच्या झोपड्या पुन्हा उभारल्या आहेत आणि तिथे राबलेल्यांची नावे भिंतीवर लिहिली आहेत. वाड्याआधी तिकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

१८७६मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनात या वाणाची फळे मांडली गेली, त्यांना पारितोषिक मिळाले आणि वाणाला ‘सेंटेनियल’, म्हणजे ‘शताब्दीचा’, हे नाव पडले. आंत्वानची झाडे मात्र यादवी युद्धानंतर उसासाठी तोडली गेली.

शरद ऋतूत गेलात तर झाडाखाली फळे पडलेली दिसतात. हिरवे बाह्य साल चार फाकांत उकलते आणि आतून टोकाशी काळे पट्टे असलेले गुळगुळीत तपकिरी कवच निघते. दोन फळे मुठीत धरून एकमेकांवर दाबली की कवच तडकते; दोन फाकांमधला कडू पडदा काढल्यावर गर लोण्यासारखा मऊ आणि गोडसर लागतो. न्यू ऑर्लीन्समध्ये तो साखर, लोणी आणि सायीत शिजवून प्रालीन करतात. फ्रेंचांच्या मूळ प्रालीनमध्ये बदाम असत. लुइझियानात त्यांची जागा पेकानने घेतली आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी ही मिठाई शहराच्या रस्त्यांवर विकून घराघरांत पोहोचवली. घरी आणायचे असतील तर अख्खे, कवचासकट घ्यावेत. गरात तेल भरपूर असल्याने सोललेले पेकान उष्ण हवेत लवकर खवट होतात.