सोळा सुरांचं यंत्र

राजदूत मोटारसायकलला क्लासिक म्हटलं तर कोणी हरकत घेत नाही. चावी द्यायच्या एचएमटी घड्याळाचंही तसंच. व्हॉल्व्हचा रेडिओ तर लोक बैठकीत मांडून ठेवतात, त्यातून खरखरीपलीकडे काही निघत नसलं तरी. पण १९८८ सालचा कोर्ग एम-वन, म्हणजे नखशिखांत डिजिटल सिंथेसायझर, विजेवर तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढणारा कीबोर्ड, कोणी 'क्लासिक पीस, फक्त जाणकारांसाठी' म्हणून विकायला काढला की वाद्यवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "जुना कॉम्प्युटर आहे तो. जुना कॉम्प्युटर भंगारवाला किलोनं घेतो." हे मत एका गिटारवाल्यानं तर्रीपोहे खाता खाता दिलं, आणि मला ते झोंबलं. कारण तसला एक जुना कॉम्प्युटर आमच्या कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे.

तो माझ्या मामाचा. मामा नागपुरातल्या इंदोऱ्याचा. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात, भीमजयंतीच्या स्टेजवर, लग्नाच्या रिसेप्शनला आणि हाताला काम नसलं की धुमालच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या वाजंत्री पार्टीच्या, गाडीवरही वाजवायचा. त्याच्या वरच्या खोलीला टिनाचं छप्पर, म्हणून वाद्य आमच्याकडे आलं. नाव एम-वन असलं तरी त्या नावानं त्याला कोणी ओळखलं नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मागून वायर निघालेली कुठलीही वस्तू नागपुरात 'कॅसिओ' असते. एका जपानी कंपनीचं वाद्य जन्मभर दुसऱ्या जपानी कंपनीच्या नावानं वाजलं, आणि मामानं कधी कोणाला टोकलं नाही. "कॅसिओ म्हटलं त काय बिदागी कमी भेटते का?"

गिटारवाल्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, हे कबूल. अॅनालॉग सिंथेसायझरमध्ये सूर विजेच्या दाबावर चालतो. यंत्र तापलं की सूर हलतो, आतले भाग जुने झाले की पोत बदलतो, एकाच कारखान्यातून निघालेली दोन यंत्रं तंतोतंत सारखी बोलत नाहीत. लाकडाच्या वाद्यांचं तर विचारूच नका, मिरजेचा तानपुरा वर्षानुवर्षं मुरत जातो. डिजिटल काही मुरत नाही. एम-वनच्या पोटात चार मेगाबाइटची रॉम आहे. पियानो, बासरी, ड्रम, माणसांचा 'आ'कार, अशा खऱ्या आवाजांचे तुकडे तिच्यात आकड्यांच्या रूपात कायमचे भरलेले. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा व्हिडिओसुद्धा कधी कधी याहून मोठा असतो. ते आकडे तेव्हा होते तेच आज आहेत. म्हातारी झाली ती बटणं, पट्ट्यांखालचं रबर, दोन ओळींचा पडदा. आवाजाला वयच नाही. मग क्लासिक कशाला म्हणायचं, पत्र्याला?

त्यात कोर्गनंच २००५ मध्ये हा एम-वन सॉफ्टवेअर म्हणून बाजारात आणला. माझ्या लेकाच्या लॅपटॉपवर तो आहे. तोच आवाज, वजन शून्य, धूळ शून्य.

या मुद्द्याला उत्तर शोधायचं तर एम-वनच्याही मागे जावं लागतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार होते. १९६७ मध्ये प्रयोग करताना त्यांच्या कानावर एक गोष्ट आली. सुराचा कंप खूप वेगानं वाढवत नेला की एका टप्प्यावर तो कंप म्हणून ऐकू येईनासा होतो आणि सुराचा पोतच बदलतो, त्यातून घंटा निघते, पितळ निघतं. यामाहानं हे तंत्र विद्यापीठाकडून घेतलं, बरीच वर्षं त्यावर घालवली आणि १९८३ मध्ये डीएक्स-सेव्हन काढला. वाद्य तुफान खपलं. गंमत अशी की त्याच्यावर स्वतःचा आवाज बनवणं जवळजवळ कोणालाच जमेना. फिरवायला बटण नाही, सपाट पापुद्र्यासारख्या कळा, इवलासा पडदा, आणि आत सहा सहा घटकांच्या बत्तीस तऱ्हेच्या जोडण्या. त्यामुळे लोकांनी कारखान्यातून आलेले टोनच वाजवले. ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या प्रेमगीतांत एकच घंटेसारखा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो याच कारणानं. (निम्म्या म्हणजे माझ्या कानांच्या हिशेबानं. मोजायला बसले नाही.)

शुद्धतावादी याला आळस म्हणतात. मला वाटतं डिजिटल वाद्याचं मोठेपण इथूनच सुरू होतं. अॅनालॉग यंत्राचा मान त्या एका नगाचा असतो, अमक्याकडचा तमका. एम-वनचा टोन टोकियोत, लंडनच्या नाचघरात आणि इंदोऱ्याच्या मंडपात एकच होता. ज्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या आठवणीत एकच आवाज जाऊन बसला. 'युनिव्हर्स' नावाचा त्याचा एक टोन आहे, दुरून येणाऱ्या समूहगानासारखा. तिकडे तो कशाकशात वाजला असेल. मामा तो बुद्धवंदनेआधी लावायचा, हळूच, पंखा फिरल्यासारखा. मंडपातला गोंगाट त्यानं आपोआप खाली बसायचा.

अर्थात या यंत्रानं पुण्यच केलं असं नाही. एम-वनमध्ये टोन, ड्रम, इफेक्ट आणि वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारा आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच पेटीत होते. अख्खी पार्टी एका माणसाच्या मांडीवर आली. मामाच्या ऑर्केस्ट्रात आधी अॅकॉर्डियन होतं, दोन व्हायोलिन, एक ट्रम्पेट. कॅसिओ आला आणि दोन-तीन सीझनमध्ये ती माणसं कमी झाली. अॅकॉर्डियनवाले काका पुढे इतवारीत एका दुकानात वही लिहायला लागले. जयंतीला भेटले की मामाला 'जय भीम' घालायचे, पण कीबोर्डकडे बघायचे नाहीत. आयोजक मात्र खूश, चार माणसांचा चहा-नाश्ता वाचला. क्लासिक म्हणताना हा हिशेब लपवू नये.

पण मग बाजाच्या पेटीचाही हिशेब मांडावा लागेल. युरोपातून आलेली हार्मोनियम. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती बसत नाहीत, गाणाऱ्याचा गळा ती पट्ट्यांत कोंडते, असं म्हणत आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं सरकारी दाराबाहेर उभी राहिलेली ही पेटी आज भजनी मंडळात, कव्वालीत, शास्त्रीय मैफलीत मांडी ठोकून बसली आहे, आणि तिला परकी म्हणणारा माणूस शोधावा लागेल. जी मींड तिला जमली नाही ती एम-वनला थोडीफार जमते. डावीकडे त्याला एक छोटी दांडी आहे, जॉयस्टिक. ती अंगठ्यानं ढकलली की सूर वाकतो. मामा तिच्यावर सनई वाजवायचा. म्हणजे सनई त्या पेटीत नव्हतीच. ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्यासारखा एक टोन घेऊन, त्याची कडा घासून, सुरुवात थोडी उशिरा आणून त्यानं ती बनवली होती. लग्नात नवरी यायच्या वेळी ती वाजली की म्हाताऱ्या बाया वळून सनईवाला कुठे बसलाय ते शोधायच्या.

ती सनई दोन वर्षांपूर्वी गेली. झालं असं, की एम-वनचे मूळ ध्वनितुकडे रॉममध्ये पक्के असतात, पण त्यांच्यापासून टोन कसे बनवायचे ती सगळी मांडणी साध्या मेमरीत राहते, आणि ती मेमरी जिवंत ठेवायला आत नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो. सेल आहे, तो संपणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. आमच्याकडे मे महिना लागला होता, पारा पंचेचाळीसच्या वर, पडदा उन्हानं काळवंडलेला. एक दिवस चालू केला तर पियानोच्या जागी काहीतरी खडखडलं, आणि बाकी जागांवर नुसता गोंधळ. (उन्हाळा या वाद्यांना मानवतच नाही. त्या काळच्या काही कीबोर्डांत पट्ट्यांच्या वजनाला लावलेला लाल गोंद वर्षांनी पाझरून आत टपकतो म्हणे. आमच्यात तो नाही, एवढं सुख.) सीताबर्डीतल्या मेकॅनिकनं सेल बदलून दिला, नव्या सेलला बुडाशी छान बैठकही बसवून दिली, म्हणजे पुढच्या वेळी डाग द्यायला नको. कारखान्याचे टोन इंटरनेटवर फाइलच्या रूपात मिळतात. लेकानं ते मिडीच्या, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या, वायरीनं आत सोडले. चहा निवायच्या आत 'युनिव्हर्स' परत आला.

सनई कुठल्या फाइलमध्ये असणार? मामाची एक वही सापडली. तिच्यात गाण्याचं नाव, पट्टी, टोनचा नंबर, आणि पुढे शेरा. मला वाटलं आकडे असतील. शेरे असे होते: 'गोल कर', 'नाक कमी', 'हवा सोड'. लेक हसून हसून बेजार. मामा मात्र चष्मा लावून त्या दोन ओळींच्या पडद्यासमोर बसला आणि पानामागून पान दाबत राहिला. संध्याकाळी कूलर लावला तेव्हा सनई बरीचशी आली होती. "नाक जास्त हाये अजून," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट त्याच्या हातांची. एम-वन एका वेळी सोळा सूर वाजवतो. दहा बोटांना सोळा म्हणजे चैन वाटते. पण भरदार टोनला एका पट्टीमागे दोन आवाज लागतात, की उरले आठ. दोन टोन एकावर एक चढवले की आणखी कमी. वरून पायानं पेडल दाबून धरलेलं. अशा वेळी नवा सूर आला की यंत्र एखादा जुना सूर मध्येच तोडतं आणि त्याची जागा नव्याला देतं. स्टेजवर हे चांगलंच ऐकू येतं. व्हायोलिनचा ताफा रंगात आलेला असतो आणि अचानक खालून फळी निसटते. यावर मामानं, आणि त्याच्यासारख्या कितीतरी वाजवणाऱ्यांनी, स्वतःपुरती रीत काढली. डाव्या हातानं दोनच सूर धरायचे. उजव्या हाताची तान सुरू व्हायच्या आधी डावा उचलायचा. उचललेला हात जॉयस्टिकवर जातो, तिथून मींड. मला शिकवतानाही तो हेच सांगायचा, "पोरी, दोन बोटं ठेव. तिसरा सूर लोकाइच्या कानात आपोआप वाजते."

परवा लेकानं त्याला लॅपटॉपवरचा एम-वन दाखवला. यूएसबीचा छोटा कीबोर्ड जोडलेला, सुरांची टंचाई नाही, हवे तेवढे. मामानं एका जुन्या गाण्याचा अंतरा घेतला. तान जवळ आली तसा त्याचा डावा हात उठला आणि हवेत दांडी शोधत राहिला. लेक म्हणाला, "आजोबा, इथं हात उचलायची गरज नाही. सूर तुटत नाहीत यात."

"तुटत नाहीत हे दिसलं मले," मामा म्हणाला. "पण गाणं तसंच बसलं हाये ना."

गिटारवाल्याला मी हेच सांगणार आहे. त्या पेटीतले आकडे म्हातारे झाले नाहीत, मान्य. पण तिच्या कमतरतेभोवती एक वाजवण्याची ढब तयार झाली, ती ढब मामाच्या हातात मुरली, तिथून थोडीशी माझ्या हातात आली, आणि आता टंचाई संपली तरी ती जायला तयार नाही. राजदूतनं चालवणाऱ्याला एवढं शिकवलं असेल तर तिलाही म्हणा क्लासिक. म्हणून दर सोळा सुरांच्या डब्याला ही पदवी वाटावी असं मात्र मला वाटत नाही. त्याच काळातले कितीतरी कीबोर्ड आले, वाजले आणि हातांवर कसलीच खूण न ठेवता गेले. ते भंगारवाल्यानं खुशाल न्यावेत.

सध्या एम-वन कपाटावरून उतरलाय. वस्तीतल्या मंडळानं १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला मामाला बोलावलं आहे, आणि त्यांना नवा कीबोर्ड नको, तोच पाहिजे. मामानं अटी घातल्या आहेत. न्यायला कार पाठवायची, टेम्पो चालणार नाही. लाइनीला स्टॅबिलायझर पाहिजे. आणि स्टेजवर एक कूलर, टाकीत पाणी न भरता, नुसता वारा, तोंड कीबोर्डकडे करून.

"अन् गायकाचं काय, मामा?" मंडळाच्या पोरानं विचारलं.

"त्याले रुमाल द्या एक."