तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लांबून पक्षी ओळखता कसा?

सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीच्या तलावावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की कुणीतरी गाडी थांबवतंच आणि प्रश्न ठरलेला, "एवढ्या लांबनं कसं वळखताय ओ?" इकडं विट्यात लग्नाकार्यात, व्हॉट्सअॅपवर पण हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितो.

मी आधी पक्षी किती पाण्यात आहे ते बघतो. रंग सगळ्यात शेवटी.

म्हणजे असं बघा, काठाला जिथं नुसता ओला चिखल असतो तिथं छोटा कंठेरी चिखल्या दिसणार, चार पावलं पळणार, थांबणार, काहीतरी टिपणार, परत पळणार. तो नजरेनं भक्ष्य शोधतो म्हणून चोच आखूड आणि डोळे मोठे. थोडं पाणी सुरू झालं की तुतवार, म्हणजे सँडपायपर, यांची चोच लांब, ती चिखलात खुपसून किडे काढतात. त्याच्या पुढं शेकाट्या, त्याचे लालसर पाय इतके लांब की तुतवार जिथं पोटापर्यंत भिजेल तिथं हा आरामात चालतो. आणखी आत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली आणि चोच उलटी करून पाणी गाळत चाललेले. मग पोहणारे. थापट्या बदक रुंद चोच पाण्याला टेकवून फिरत राहतं, तलवार बदक डोकं खाली शेपूट वर करून तळाचं खातं आणि टिबुकली सरळ बुडीच मारते. पाणी बघितलं की निम्मे पक्षी यादीतून गेले, उरलेल्यातनं निवडायचं.

तुतवारांत मात्र खरा कस लागतो आणि मला सगळ्यात जास्त आवडतात ते हेच, कारण लोक त्यांच्याकडं बघतच नाहीत, सगळ्यांना रोहित पाहिजे. साध्या तुतवाराचं ढुंगण सारखं वरखाली चाललेलं असतं आणि खांद्यापाशी छातीचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला असतो, उडाला की पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून जातो. ठिपकेवाल्या तुतवाराच्या पाठीवर ठिपके, पाय पिवळट, डोळ्यावर लांब पांढरी भुवई. हिरवा तुतवार नावाला हिरवा, दिसतो काळपटच, पण उडाला की शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र पट्टा चमकतो, तेवढं एक सेकंद मिळालं तरी पुरतं.

रंगावर भरवसा का नाही तर ऑक्टोबरात येणारी नर बदकं पिसं बदलण्याच्या मधल्या काळात असतात, बरीचशी माद्यांसारखी तपकिरी दिसतात, पुस्तकातला रंगीत नर शोधत बसलात तर दिवस जाईल. वंचक, म्हणजे तळ्याकाठचा छोटा बगळा, बसलेला मातकट आणि उडाला की पांढराफेक! पण थापट्याची चोच कुठल्याही महिन्यात रुंदच राहते.

आता हे पाण्याचं का एवढं लावून धरतोय तर काठोकाठ भरलेला तलाव बघून सगळे खूश होतात, आम्ही दुष्काळी भागातली माणसं, मीपण होतो, पण तेव्हा उथळ काठ बुडालेला असतो आणि चिखल्या, तुतवार, रोहित यांना पाय टेकायला जागाच नसते. पाणी हळूहळू ओसरत गेलं की तो पट्टा उघडा पडतो. म्हणून एकच तलाव चांगला असून भागत नाही, एक भरलेला तर दुसरा ओसरलेला असे आजूबाजूला चारपाच लागतात. मायणीबरोबर येरळवाडी, सूर्याचीवाडी वगैरे तलाव मिळून 2021 साली संवर्धन राखीव, म्हणजे सरकारनं वन्यजीवांसाठी राखलेलं क्षेत्र, झालं ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. उथळ काठावर मुरूम टाकून जागा काढणं, गाड्या घालणं, हे बघून जीव तुटतो, कारण पडीक दिसणारी ती जागाच त्यांचं ताट आहे.

यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर या आणि ऊन पाठीमागं राहील असा काठ धरा, समोरनं ऊन आलं की सगळे काळेच दिसतात. पट्टकदंब हंस पाण्यावर नाही दिसले तर जवळच्या हरभऱ्या-गव्हाच्या रानात बघा, तिथं चरायला जातात, डोक्यामागं दोन काळे पट्टे, लगेच कळतील. फक्त पिकात शिरू नका, बांधावरनंच बघा.