दादाला ओरडायचं कोणी?

आमच्या घरात दोन मुलं. मोठा नऊ वर्षांचा, नवऱ्याच्या पहिल्या लग्नातला, आणि धाकटी अडीच वर्षांची, आमची. मोठ्याला इथे दादाच म्हणते कारण घरात आता सगळेच त्याला दादा म्हणतात. तो मला मावशी म्हणतो, लग्नाच्या आधीपासूनचं आहे ते, बदल म्हणून मी कधी सांगितलं नाही, आणि त्याचा परिणाम म्हणजे धाकटी पण मला मावशी म्हणायला लागलीये. दुकानात "मावशीऽऽ चॉकलेट" म्हणून भोकाड पसरते आणि दुकानदार माझ्याकडे बघतो की हिची आई कुठेय बुवा.

तर विषय असा की दादा तिच्याजवळ गेला की माझे कान टवकारतात. ती तान्ही होती तेव्हा टाळू भरायची होती (दीड वर्षाच्या आसपास भरते बहुतेकांची) तर तो मांडीवर घेऊन बसला की माझा जीव टाळूत. आता ती पळते, चढते, त्याची वह्यापुस्तकं फाडते आणि तो तिला ढकलतो, उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो, हातातून रिमोट हिसकावतो. माझ्या बहिणीचे दोघे मुलगे, सख्खे भाऊ, एकमेकांना उशांनी बडवतात, बुक्के घालतात, आणि ती शेजारी बसून निवांत चहा पिते, रक्त आलं तर सांगा म्हणते. मी त्यांच्याकडे बघून हसते आणि घरी आल्यावर दादाने नुसता हात उचलला की उठून उभी. म्हणजे भीती हाताची नाहीये, हात कोणाचा आहे त्याची आहे, हे मलाही कळतं पण कळून पोटातला गोळा जात नाही ना.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी धाकटी एक हात हलवेचना. कोपरात अर्धवट वाकवून पोटाशी धरून बसलेली आणि हात लावला की रडायची. घरात कोणी काही बोललं नाही पण सगळे दादाकडे बघत होते. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "खेळताना ओढलंस का रे?" तो नाही म्हणाला आणि आत गेला. डॉक्टरांनी सांगितलं कोपराचं हाड किंचित सरकलंय, लहान मुलांना एका हाताला धरून झटक्यात उचललं की होतं, चार-पाच वर्षांपर्यंत तिथले लिगामेंट सैल असतात. हात फिरवून जागेवर बसवला आणि थोड्या वेळाने मॅडम त्याच हाताने बिस्कीट मागत होत्या. उचललं कोणी होतं तर आजोबांनी, जिन्यात, ती पायरी चढेना म्हणून. आजोबांना कोणी एक शब्द बोललं नाही. उलट "होतं हो असं, त्यांना काय माहीत" वगैरे. दादा त्या रात्री जेवताना कोणाशी बोलला नाही आणि त्यात काही चूक आहे असं मला तरी वाटलं नाही.

सगळ्यात अवघड रविवारची रात्र. एक आड एक वीकेंडला तो त्याच्या आईकडे जातो, फॅमिली कोर्टात ठरलंय तसं, मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टीही अर्धी अर्धी. तिकडे तो एकटाच असतो, त्याचं सामान त्याच्या जागेवर, कोणी फाडणारं नाही. रविवारी बॅग घेऊन दारात येतो तेवढ्यात ही "दादाऽऽ" करत पायाला मिठी मारते, आणि तो पाय झटकतो. दर वेळी. मी आधी यावर नवऱ्याशी भांडायचे की बघ कसा वागतो, तो म्हणायचा भावंडं आहेत चालायचंच, की मी अजून भडकायचे. आता रविवारी तो यायच्या वेळेला मी हिला आंघोळीला नेते. तो येतो, बूट काढतो, खातो, बॅग उघडतो. अर्ध्या तासाने ही बाहेर येते तेव्हा तो स्वतःच तिला टॉवेलात गुंडाळून भूत भूत करतो. एवढंच हवं होतं त्याला, जरा वेळ. हे मला कुठल्याही समुपदेशकाने सांगितलेलं नाही हां, बघून बघून कळलं.

दुसरी गंमत माझ्या आवाजाची. हिने भिंतीवर पेन चालवलं तर "ए, ठेव ते, फटका देईन" असं सरळ निघतं तोंडातून. त्याला मात्र "बाळा, असं नको ना करूस, प्लीज". कारण सावत्र आई ओरडली की शेजारपाजारचे, पाहुणे, सासूबाई, सगळे मनात नोंद करतात, पुराणापासून चालत आलंय ते. पण आता मी नुसतं "बाळा" म्हटलं तरी तो हात मागे घेतो. त्याच्यासाठी बाळा म्हणजे संशय. ओरडण्यापेक्षा हे वाईट आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

पुराणावरून आठवलं. सासूबाई दोघांना ध्रुवाची गोष्ट सांगत होत्या, सुरुचीने ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, तो वनात गेला, अढळपद मिळालं, संपलं. दादाने विचारलं, "आणि उत्तमचं काय झालं?" म्हणजे सुरुचीच्या मुलाचं. आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. शोधलं तर भागवताच्या चौथ्या स्कंधात निघालं, उत्तम शिकारीला हिमालयात गेला आणि एका यक्षाने त्याला मारलं, आणि ते कळल्यावर ध्रुव रथ घेऊन थेट यक्षांच्या अलकापुरीवर चालून गेला. एवढे यक्ष मारले की शेवटी आजोबांना, म्हणजे मनूला, येऊन थांबवावं लागलं. ज्या भावापायी मांडी गेली त्याच्यासाठी! हा भाग कोणी सांगतच नाही, सुरुची दुष्ट होती एवढं सांगितलं की सगळ्यांचं काम भागतं. दादाचं म्हणणं पडलं की तारा होण्यापेक्षा हे जास्त भारी आहे.

काल परत रिमोटवरून जुंपली. मी पोळ्या करत होते, तिथूनच ओरडले, "दोघंही बंद करा नाहीतर टीव्हीच काढून टाकते!" बाळा नाही, प्लीज नाही. तो म्हणाला, "मी काहीच नाही केलं, तीच चावली." साफ खोटं, चिमटा काढताना मी बघितलं होतं. चावली मात्र खरंच होती, दंडावर चारी दात उमटले होते.