ब्लँकेटं पुरे, आता गाडीभाडं द्या

दिवाळी जवळ आली की आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू, पाड्यावर फराळ वाटायचाय, ब्लँकेटं द्यायचीत, कोण कोण येणार. मी पण पैसे देते, फराळाशी माझं काही भांडण नाही. पण दरवर्षी एकच मुद्दा मांडते, की पाड्यावरच्यांच्या हक्कांसाठी धावपळ करणाऱ्या कार्यकर्तीच्या खर्चालाही पैसे द्या, आणि लोक अंगठा टाकून पुढे जातात, म्हणून इथे लिहितेय.

शहापूर, मुरबाडकडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर पाड्यावर असतातच कुठे? वीटभट्टीवर गेलेली असतात, पोराबाळांसकट, आधी घेतलेली उचल फेडायला. उचल किती, फिटली किती, सगळं मालकाच्या वहीत, आणि यांना वाचता येत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा आहे हो, पण तो स्वतःहून भट्टीवर चालत जात नाही ना, कुणीतरी तिथे जाऊन बसायला लागतं, हिशोब मांडायला लागतो, घाबरलेल्या माणसाला धीर देऊन तहसीलदारासमोर उभं करायला लागतं.

वनहक्काचं तेच. 2006 चा कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जंगलातली जमीन कसत असाल तर तिच्यावर दावा करा. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा चालतो, किती छान! पण तो जबाब लिहून कोण घेणार? आधी ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, आणि ग्रामसभेने दावा नाकारला तर 60 दिवसांत अपील. अशी एक फाईल मी हातात घेऊन बघितलीय, झेरॉक्सचा गठ्ठा, अंगठ्यांच्या जांभळ्या खुणा, पावसात भिजून चिकटलेली पानं. ती सांभाळणारी कार्यकर्ती जीपने येणार, दिवसभर प्रांत ऑफिसच्या बाकावर बसणार, साहेब मीटिंगला गेले म्हणून परत जाणार आणि पुढच्या आठवड्यात परत येणार.

या जीपचे पैसे कुणी देत नाही.

मोठ्या कंपन्यांना 2014 पासून सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना, द्यावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात हा विषय काढला तर म्हणे मॅडम यात फोटो काय काढणार. टाकी चालते, दप्तरं चालतात, माणसाचं मानधन नको. आणि गंमत म्हणजे सीएसआरच्या यादीत मागास घटकांना सोसावी लागणारी विषमता कमी करणं हे चक्क लिहिलेलं आहे!

दुसरं म्हणजे संघटना म्हटलं की लोकांना लगेच राजकारणाचा वास येतो. अहो, बिल्डर कन्व्हेयन्स देईना, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देईना, तेव्हा आपण काय केलं? कमिटी नेमली, घरटी पैसे काढले, वकील लावला. ते राजकारण नव्हतं आणि पाड्यावरच्यांनी एकत्र येऊन जमीन मागितली की ते राजकारण? डहाणूची कष्टकरी संघटना 1978 पासून हेच करतेय, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे आपल्याला हे नवीन नसायला हवं.

तर यावेळी ग्रुपवर मी थेट रकमेचंच बोलणार आहे. एका कार्यकर्तीचं मानधन, गाडीभाडं, फोनचा रिचार्ज, झेरॉक्स. घरटी थोडे थोडे चालतील, पण दर महिन्याला पाहिजेत आणि निदान तीन वर्षं तरी. आणि प्लीज, तिच्याकडे जीपच्या प्रत्येक सीटची पावती मागू नका, काळी-पिवळीवाला पावती देत नाही.