वन टू थ्री आणि भीष्म

गोव्यात जात्रेच्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून गाव जरा आडवा झालेला असतो, तेव्हा देवळाच्या बाजूने आवाज येतो, ‘हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. वन टू थ्री.’ मग थोडी शांतता. मग पुन्हा ‘वन टू थ्री’. चार कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते त्या माईकवाल्यालाही विचारून उपयोग नाही. त्याच्या उस्तादाने तीनवर थांबायला शिकवलं, तो तीनवर थांबतो.

खरं म्हणजे या तीन आकड्यांनी रात्रीच्या नाटकाचं काहीच कळत नाही. पौराणिक नाटकासाठी माईक तपासायचा तर ‘भीष्म’ म्हणावं. भ, ध, घ, फ ही महाप्राण अक्षरं उच्चारताना तोंडातून जी फुंकर सुटते ती माईकच्या पडद्यावर आदळते आणि स्पीकरमधून ‘भप्’ असा धक्का येतो. आपल्या महाभारताची पंचाईत अशी की निम्मी माणसं महाप्राण आहेत. भीष्म, भीम, धृतराष्ट्र, घटोत्कच. उरलेल्यांत दुःशासन, तो कानात चिरतो. तोंडासमोरच्या माईकला स्पंजची टोपी घातली आणि खालचा खर्ज थोडा कापला की भीष्म सावरतो. दुःशासनासाठी वरची पट्टी उतरवावी लागते, आणि ती जास्त उतरवली की सगळेच पडशाने बोलल्यासारखे वाटतात.

दुसरी गोष्ट, दुपारी मांडव रिकामा असतो. रात्री चारशे माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात. दुपारी खणखणीत लागलेला आवाज रात्री मऊ पडतो, मागून कोणीतरी ‘आयकूंक येना रे!’ म्हणून ओरडतो, माईकवाला खटका वर सरकवतो आणि शिट्टी सुरू होते. ही शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माईकात शिरून गोल गोल फिरणं. सगळा आवाज कमी करणं हा तिच्यावरचा आळशी उपाय. खरा उपाय आधीचा: स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचे, माईकची पाठ स्पीकरकडे, आणि ज्याचं वाक्य नाही त्याचा माईक बंद. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी वाजण्याआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलने घटतो. आठ माईक उघडे ठेवून रामराज्य येत नाही.

टांगत्या माईकचा काळ आठवणारे अजून बरेच आहेत. रंगमंचाच्या पुढच्या भागात दोन, फार तर तीन माईक वरून सोडलेले. राजा, राणी, सेनापती आणि विदूषक असे चौघे एकाच माईकखाली दाटीवाटीने उभे, पावसात एका छत्रीखाली उभे असावेत तसे. मागचं सिंहासन उगाच. पुढच्या चटईवरची पोरं एवढं ओळखून असायची की सिंहासनावरून उठून जो माईकखाली येतोय तो आता लांब बोलणार. खाजं, म्हणजे जात्रेतली मिठाई, काढायची वेळ झाली. दिग्दर्शन बहुतेक दोरीच करायची.

मग कॉलर माईक आला आणि माणसं मोकळी झाली. हिशेब साधा आहे. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. दोन मीटरवरचा माईक छातीवर, वीतभर अंतरावर आला की सुमारे 20 डेसिबलची कमाई. पण प्रत्येक सोयीबरोबर तिची पीडा येते. माईक छातीवर मध्यभागी लावला तर मंगळसूत्र किंवा मोत्यांचा कंठा त्यावर आपटतो. बाजूला लावला तर मान वळली की आवाज गेला. शालूची जर घासते. म्हणून जाणते लोक तो केसांच्या रेषेवर किंवा गालावर चिकटवतात, रंगाआधी, कारण रंगावर चिकटपट्टी धरत नाही. दुसऱ्या अंकापर्यंत घामाचा एक थेंब माईकच्या तोंडावर बसतो आणि भीम पाण्याखालून बोलायला लागतो. तार कानामागून नेताना तिला एक छोटा वळसा द्यावा, म्हणजे घाम तारेवरून माईककडे न ओघळता वळशाशी गळतो. कमरेच्या पेटीला प्लास्टिकची पिशवी. पेटीतल्या पेन्सिल सेलच्या जोडीवर ‘अजून चालतील’ हा विश्वास ठेवायचा नाही. मध्यंतरात नवे घालायचे, निघालेले घड्याळात वापरायचे.

आलिंगनाचा प्रसंग आला की माईकवाल्याचा जीव वर-खाली होतो. दोन छात्या जवळ आल्या की एकाचं बोलणं दोन्ही माईकांत शिरतं, किंचित पुढेमागे, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. तिथे एक माईक खाली ओढायचा. कोणाचा? रडणाऱ्याचा वर ठेवावा, असं आमचं मत. आणि विंगेत गेलेल्या पात्राचा माईक विसरला तर काय होतं ते गोव्यात सांगायला नको. स्वर्गवासी झालेल्या पात्राने कोणाकडे तरी चहा मागितलेला सगळ्या वाड्याने ऐकलेला असतो.

मोबाईलचं वेगळंच. जुन्या टू-जी फोनची रिंग वाजण्याआधी स्पीकरमध्ये ‘टर्र टक-टक टर्र’ व्हायचं, आणि कुणाच्या तरी खिशातला फोन आता वाजणार हे सगळ्या मांडवाला त्याच्याआधी कळायचं. आता ती पूर्वसूचनाही गेली. पणजीत कांपालला कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या रेषांतले प्रेक्षक बसलेले आहेत. फोन न आणणारे तेवढेच. मध्येच उठून जात नाहीत, खोकत नाहीत.

या सगळ्या यंत्रांआधी नाटकं होत होतीच. नाट्यशास्त्रात भरताने मध्यम नाट्यगृहाचं माप दिलं आहे: 64 हात लांब, 32 हात रुंद, म्हणजे साधारण 96 फूट बाय 48 फूट. याहून मोठं बांधलं तर बोलणं विरून जातं, असं कारणही दिलं आहे. त्यात रंगमंच आणि नेपथ्यगृह धरून निम्मी लांबी जाते. म्हणजे शेवटचा प्रेक्षक जेमतेम पन्नास फुटांवर. आपल्या कितीतरी देवळांची प्रांगणं याहून मोठी, आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात पालखी, पावणी (देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) आटोपून मध्यरात्री सुरू झालेली नाटकं पहाटेपर्यंत चालत. मंगेशीत 1900 साली जन्मलेले दीनानाथ ज्या रंगभूमीवर गाजले ती गळ्याच्याच जोरावर उभी होती. आवाज फेकणं म्हणजे ओरडणं नव्हे. शेवटचं अक्षर न गिळणं, हे त्यातलं निम्मं कसब. माईक आला आणि शेवटचं अक्षर पहिल्यांदा गेलं.

आता नवा प्रश्न घड्याळाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण गोव्यात जात्रा किती आणि दिवस पंधरा. बंद सभागृहाला आतल्या आत मुभा आहे, देवळाच्या चौकाला नाही. नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही. रात्रभर कर्णे वाजवणाऱ्यांनी तो ओढवून घेतला. पण नाटक त्याच जाळ्यात सापडलं. आता पावणी लांबली की पहिला अंक धावत, दुसरा उड्या मारत, आणि दहाला पाच मिनिटं असताना तिसऱ्या अंकातले सगळे एकदम मरतात.

नियमाने नाटकाला बंदी केलेली नाही, कर्ण्याला केली आहे. 2010च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. गळा तेवढा राहिला. तेव्हा दहा वाजता माईक बंद करावा, खुर्च्या पुढे ओढून घ्याव्यात, पन्नास फुटांत जेवढे मावतील तेवढे बसावेत आणि भीष्माने नुसत्या गळ्याने तिसरा अंक करावा, असं कागदावर सहज होण्यासारखं आहे. शेवटचं अक्षर तालमीत परत आणता येईल. पण तोपर्यंत मांडवाच्या कडेला खाजेवाल्यांच्या रांगेतला जनरेटर घरघरत असतो, आणि ऐन धंद्याच्या वेळी ‘बाबा, हो मातसो बंद कर’, हा जरा बंद कर, म्हणून त्याला सांगायला कोणी जाणार नाही.