22 सेकंदांत कसलं संशोधन होतं?

मी पेशींवर काम करते आणि आमचे काही प्रयोग विमानात, 22-22 सेकंदांच्या वजनरहित अवस्थेत होतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, 22 सेकंदांत कसलं डोंबलाचं संशोधन करता? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्समधल्या बोर्दोहून एक एअरबस ए310 उडतं. पायलट नाक 50 अंशांच्या आसपास वर नेतो, मग इंजिनांचा जोर हवेच्या विरोधापुरताच ठेवतो, विमान भिरकावलेल्या दगडासारखं वर जाऊन खाली येतं आणि आतले आम्ही त्याच्यासोबतच पडत असतो म्हणून साधारण 22 सेकंद वजन जाणवत नाही. एका उड्डाणात असं 31 वेळा.

खरी मेख 22 सेकंदांत नाहीये. त्याच्या आधी आणि नंतर 20-20 सेकंद वजन 1.8 पट होतं, ती खरी डोकेदुखी. पेशीत बदल दिसला तर तो वजन गेल्यामुळे की आधी दाबल्या गेल्यामुळे? म्हणून स्पीकरवर 'थर्टी, फॉर्टी, इंजेक्शन' (नाक किती अंश वर गेलं ते, आणि शेवटी वजन जाण्याचा क्षण) ऐकू यायच्या जरा आधीच, 1.8 चालू असताना, काही नमुन्यांत फिक्सेटिव्ह सोडायचं, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत थांबते, आणि बाकीच्यांत 22 सेकंद संपता संपता. दोन्ही गट ताडून बघायचे. पेशींसाठी मला पहिलीच फेरी भरवशाची वाटते, नंतरच्यांत आधीचं सगळं मिसळलेलं असतं. जनुकांच्या पातळीवरचे बदल एवढ्या वेळात दिसतात, हाडांची झीज अर्थातच नाही, तिला स्पेस स्टेशनच लागतं.

माझं आवडतं उदाहरण मात्र माशांचं आहे. वजन गेलं की बरेच मासे गोल गोल गिरक्या घेत सुटतात. जपानचे संशोधक केनिची इजिरी यांनी अशाच विमानात मेडाका नावाचे छोटे मासे नेऊन गिरक्या न घेणारे शोधून काढले आणि त्यातले 4 जण जुलै 1994 मध्ये कोलंबिया शटलमधून अंतराळात गेले. तिथे त्यांचं मीलन झालं, अंडी घातली, पिल्लंही तिथेच बाहेर आली! ही निवड त्या काही सेकंदांतच झाली होती, आणि गिरक्या घेणारे मासे वर पाठवले असते तर त्यांना जोडीदार तरी सापडला असता का कोण जाणे.

आणि हो, उलटी होते का हेही विचारता तुम्ही. उड्डाणाआधी स्कोपोलामाइन हे मळमळ रोखणारं औषध देतात. तरी काहींना होतेच.