चिक्कीचा पाक आणि पॅरिसचं प्रदर्शन

मार्च २०२५ मध्ये ४ ते ६ तारखेला पॅरिसजवळ व्हिलपँतला जेईसी वर्ल्ड हे कंपोझिटचं (धागे आणि प्लास्टिक मिळून केलेल्या मजबूत साहित्याचं) प्रदर्शन भरलं होतं. साहेबांनी चाकणहून मला एकाच कामाला पाठवलं: थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणाऱ्या प्लास्टिकचं कंपोझिट आपल्या प्रेसवर (दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) जमेल का, बघून ये.

पहिल्याच सकाळी माती खाल्ली. गार द्यु नोर स्टेशनहून आरईआर बी ही लोकल पकडली, पण मित्री-क्लेची. ओल्ने-सू-ब्वाला फाटा फुटतो. तिथे उतरून विमानतळाकडची गाडी धरली. तुम्ही फलकावर ‘पार्क देझ एक्स्पोझिस्यों’ पेटलेलं दिसलं तरच चढा. विमानतळाजवळ उतरला असाल तर फारच सोपं, सीडीजी २ पासून दुसरंच स्टेशन.

आत मी सगळ्यात जास्त वेळ ऑर्गॅनोशीटच्या सेलपाशी, म्हणजे भट्टी, रोबो आणि प्रेस एकत्र मांडलेल्या जागेपाशी काढला. ऑर्गॅनोशीट म्हणजे काचेच्या धाग्याचं विणलेलं कापड, आधीच नायलॉन मुरवून दाबलेला पत्रा. वितळलेलं प्लास्टिक इपॉक्सीपेक्षा (रसायनक्रियेने घट्ट होणाऱ्या पातळ रेझिनपेक्षा) कितीतरी दाट असतं, धाग्यांच्या जुडीत सहज शिरत नाही, म्हणून ते मुरवण्याचं काम आधीच उरकून घेतात. पत्रा इन्फ्रारेड भट्टीत तापतो (नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, त्याच्याही वर), रोबो तो साच्यात ठेवतो, प्रेस मिटतो आणि त्याच साच्यात मागून इंजेक्शनने रिब (मजबुतीच्या उभ्या पट्ट्या) भरतात. इपॉक्सीसारखं पिकायची वाट बघायची नाही, नुसतं निवायचं.

घरी चिक्की केलेल्यांना पुढचं सांगायला नको. पाक ओतला की लाटणं हातात हवं. इथेही भट्टी ते साचा एवढ्या वाटेतच खेळ संपतो: पातळ पत्रा बाहेर येताच निवायला लागतो, कडा आधी गार पडल्या की सुरकुत्या. सेलवाल्याला मी सायकल टाइम (एक नग व्हायला लागणारा वेळ) विचारला नाही, ही वाट किती सेकंदांची ते विचारलं. तो हसला आणि मग मोकळा बोलला.

इलियम हे अ‍ॅक्रिलिक रेझिन मात्र खोलीच्या तापमानालाच पातळ असतं, इन्फ्युजनला (निर्वाताने रेझिन कापडात ओढून घ्यायला) चालतं. फायबरचं काम करणाऱ्यांनी ते जरूर बघावं. विमानवाल्यांच्या तोंडी वेल्डिंग होतं. युरोपातल्या ८ मीटर लांब थर्मोप्लास्टिक फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) नमुन्यात दोन अर्धे जोडताना एक सांधा अल्ट्रासॉनिकने, दुसरा लेझरने केलाय. आपल्याला अजून ते परवडणारं नाही, पण जीव हरखतो.

जाताना खिशात भिंग ठेवा. नमुन्याची चकचकीत बाजू सगळेच दाखवतात, तुम्ही कापलेली कड बघा. पोकळ्या तिथे दिसतात. नायलॉनचा पत्रा वापरण्याआधी कसा वाळवता, हेही विचारा, कारण ते ओल धरतं आणि आपल्याकडचा पावसाळा कुणाला सांगायला नको. भेटी आधी ठरवा, आयत्या वेळी नुसतं माहितीपत्रक हातात पडतं. बूट जुनेच घाला. दशम्या न्याव्यात, शाकाहाऱ्याला तिथे सँडविचवर दिवस काढावा लागतो.

परत आल्यावर साहेबांना एवढंच म्हटलं: प्रेस आहे, भट्टी नाही. आणि घ्यायचीच तर ती प्रेसच्या तोंडाशीच बसवू, शेडच्या त्या टोकाला नको.